ऑर्कुटवरचा वर्ग

आज इतिहास सांगायचा आहे, पण गाविलगडाचा नाही आणि नरनाळ्याचाही नाही. दहा वर्षांत भरलेल्या आणि मग एका दिवसात बंद झालेल्या एका जागेचा आहे. तिचं नाव ऑर्कुट. तुमच्यातल्या तिशी-पस्तिशीच्या बायांना ते ऐकून हसू आलं असेल. ज्यांनी ते पाहिलंच नाही, त्यांच्यासाठी जरा मागून सुरुवात करू.

आमच्या पिढीच्या मुली दहावीच्या निरोप समारंभाला स्लॅम बुक फिरवायच्या. आवडता रंग, आवडता हिरो, आणि शेवटी 'मला विसरू नकोस'. परीक्षा झाली की पांगापांग. कोणी बारावीला अमरावतीत, कोणी अकोल्यात. काहींचं त्याच उन्हाळ्यात लग्न. एक दर्यापुरात दिली, एक मूर्तिजापुरात, एक थेट पुण्यात. अमरावती ते अकोला अंतर शंभरेक किलोमीटर, तरी मैत्रीण परदेशी गेल्यासारखीच. फोन असलाच तर सासऱ्यांच्या बैठकीत. त्यावर मैत्रिणीशी काय बोलणार?

अशा काळात, 2004 च्या जानेवारीत, गूगल कंपनीने ऑर्कुट सुरू केलं. ते बनवणारा तुर्कस्तानचा एक इंजिनिअर होता, ऑर्कुट ब्युयुक्कोक्तेन. त्याचंच नाव जागेला पडलं. सुरुवातीला आत असलेल्या कोणी बोलावल्याशिवाय दुसऱ्याला जाता येत नसे. अमेरिकेत निघालेली ही जागा गाजली मात्र ब्राझीलमध्ये आणि आपल्या देशात. आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरापोरींनी ती अक्षरशः डोक्यावर घेतली.

तिथे प्रत्येकाचं एक पान असे. त्यात स्क्रॅपबुक, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याने निरोप लिहून ठेवायची जागा. तो निरोप इतरांनाही दिसे. आपल्या पानावर कोण डोकावून गेलं तेही कळे, त्यावरून चिडवाचिडवी फार. मित्राबद्दल चार चांगले शब्द लिहायची वेगळी सोय होती, ती म्हणजे स्लॅम बुकाचीच बहीण. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कम्युनिटी, आपण समूह म्हणू. शाळेचा समूह, गावाचा समूह, अमुक साली दहावी झालेल्यांचा समूह. कोणीतरी एकाने शाळेचं नाव टाकून समूह उघडायचा आणि हळूहळू अख्खा वर्ग गोळा व्हायचा. 'तू तीच ना, तिसऱ्या बाकावरची?' अशी सुरुवात होई.

हे सगळं चाले सायबर कॅफेत. तासाचे पैसे मोजायचे, वहीत नाव लिहायचं, आणि भारनियमनाची वेळ पाहून जायचं. वऱ्हाडातली तेव्हाची वीज आठवते ना? निम्मा निरोप लिहून होतो न होतो तो बत्ती गुल.

आता या वर्गाचा हजेरीपट नीट पाहू. मुलं भरपूर, मुली कमी. ज्या होत्या त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या फोटोच्या जागी गुलाबाचं फूल नाहीतर बाहुली. कॅफेतल्या त्या लाकडी खोपटात पोरगी एक तास काय करते, हा प्रश्न घरोघरी होता. त्यात 2006 मध्ये ऑर्कुटवरच्या भारतद्वेषी मजकुराचं प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं, मुंबई-ठाण्याकडे आक्षेपार्ह मजकुरावरून सायबर कॅफे फोडले गेले. पेपरात बातमी आली की पहिलं बंद होणार ते मुलीचं जाणं.

दुसरी अडचण नावाची. शाळेच्या हजेरीत वडिलांचं आडनाव, लग्नानंतर नवऱ्याचं, काही घरांत तर पहिलं नावही बदललेलं. मुलाला शोधायला एक नाव पुरे. मुलीला शोधायला आधी तिचं लग्न कुठे झालं ते शोधावं लागे. आमच्या मते या समूहांत बाया कमी दिसल्या त्याला संगणक येत नव्हता एवढंच कारण नव्हतं, हे नावही होतं.

पडझड कशी झाली? फेसबुक 2006 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. ऑर्कुटवर प्रत्येकाच्या दारी जाऊन विचारपूस करावी लागे, फेसबुकवर सगळ्यांची खबर एकाच ओट्यावर येऊन पडे. ऑर्कुटवर फालतू जाहिरातींचे निरोप वाढले. 2010 मध्ये आपल्या देशात फेसबुक पुढे गेलं. गूगलने 2011 मध्ये स्वतःचंच दुसरं दुकान काढलं, गूगल प्लस, आणि जुन्याकडे लक्ष कमी केलं. (ते दुसरंही 2019 मध्ये बंद पडलं.) शेवटी 30 जून 2014 ला कंपनीने जाहीर केलं आणि 30 सप्टेंबरला ऑर्कुटला कुलूप लागलं.

आपलं लिखाण-फोटो उतरवून घ्यायला 2016 पर्यंत मुदत होती. पण ते घ्यायला जुना पासवर्ड हवा, संगणक हवा, आणि आधी अशी मुदत आहे हे कळायला हवं. कॅफेवर जाणं सुटलेल्या, लेकरं कडेवर असलेल्या बाईपर्यंत ही बातमी पोहोचणार कशी? उघड्या समूहांतल्या गप्पा काही काळ नुसत्या वाचायला ठेवल्या होत्या, पुढे त्याही काढल्या.

त्याच सुमारास व्हॉट्सअॅप आलं, 2016 मध्ये जिओचं स्वस्त इंटरनेट आलं, आणि दहावीच्या बॅचा पुन्हा जमल्या. आता दिवाळीत स्नेहमेळावे होतात, शाळेला पाण्याची टाकी दिली जाते. आपल्या गटांच्या बैठकीचे फोटो, हप्त्याच्या पावत्या, ठरावाचं पान, सगळं तिथेच पडतं. पण इथे नावाऐवजी नंबर चालतो. नंबर नवऱ्याच्या नावावर, फोन लेकाच्या हाती. रिचार्ज राहिलं आणि नंबर तीन महिने नुसता पडून राहिला तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे काही काळाने दुसऱ्याला देऊ शकते. मग बाई समूहातून निघाली की तिचा नंबर निघाला, हे इतरांना कळतही नाही.

आमच्या भागातल्या काही गटांनी सभासदांच्या रजिस्टरात यंदा दोन रकाने वाढवले. एकात माहेरचं पूर्ण नाव, दुसऱ्यात स्वतःच्या नावावरचा मोबाइल नंबर. पहिला रकाना एका बैठकीत भरून झाला. दुसऱ्यात अजून बरीच घरं रिकामी आहेत.