गळा आणि चेहरा : लता मंगेशकरांची विस्मृत अभिनय-कारकीर्द

#थ्रेड

१/ वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात आपल्यापैकी अनेकांनी नाटके पाहिली असतील. ज्यांचे नाव त्या वास्तूला आहे, त्या भाव्यांच्या नाटकांत पदे सूत्रधार गात असे आणि पात्रे त्यावर अभिनय करीत. गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा. हे लक्षात ठेवा; शेवटी इथेच परत यायचे आहे.

२/ १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ने ही विभागणी मोडली. पात्रे आपापली पदे स्वतः गाऊ लागली. पुढे बालगंधर्व, केशवराव भोसले, दीनानाथ मंगेशकर यांच्या काळात उत्तम गायक हाच उत्तम नट, असे जणू समीकरणच झाले.

३/ बोलपटाने हाच वारसा उचलला. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटात हरिश्चंद्र झाले ते गायक-संगीतकार गोविंदराव टेंबे. ‘कुंकू’ (१९३७) मधील शांता आपटे याही मुळात गायिकाच.

४/ मात्र १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छाँव’मध्ये पार्श्वगायन वापरले. गळा आणि चेहरा पुन्हा वेगळे होऊ लागले. जुनी रीत एका दिवसात संपली नाही. दोन्ही पद्धती काही वर्षे शेजारी शेजारी नांदल्या. आपली कथा नेमकी त्या संधिकाळातली.

५/ दीनानाथांनी १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. बोलपट आल्यावर त्यांनीही चित्रपटनिर्मितीत उडी घेतली. ‘कृष्णार्जुन युद्ध’ (१९३४) हा त्यांचा चित्रपट. पण कर्ज वाढत गेले. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. थोरली लता तेव्हा अवघी बारा वर्षांची होती आणि तिच्या पाठीवर चार भावंडे होती.

६/ कुटुंबाचे स्नेही मास्टर विनायक यांनी आधार दिला. ‘पहिली मंगळागौर’ (१९४२) मध्ये लताने छोटी भूमिका केली आणि गायलीही. त्याआधी ‘किती हसाल’साठी गायलेले तिचे गाणे चित्रपटातून वगळले गेले होते.

७/ पुढे विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये ती मासिक पगारावर काम करू लागली. ‘माझे बाळ’ (१९४३), ‘गजाभाऊ’ (१९४४), मग नूरजहाँ नायिका असलेला हिंदी ‘बडी माँ’ (१९४५). भूमिका दुय्यमच, पण घराची चूल त्या पगारावर पेटत होती.

८/ अभिनय तिला मनापासून आवडला नाही. चेहऱ्याला रंग फासणे, प्रखर दिव्यांखाली उभे राहणे, सांगितले की हसणे आणि सांगितले की रडणे हे नकोसे वाटे, असे लताबाईंनी पुढे मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितले. कलेची हौस म्हणून नव्हे, तर गरज म्हणून केलेले हे काम होते.

९/ १९४७ ने सारा पट उधळला. जानेवारीत सैगल गेले. ऑगस्टमध्ये मास्टर विनायकांचे निधन झाले आणि लताचा आधार पुन्हा तुटला. फाळणीनंतर नूरजहाँ पाकिस्तानात गेल्या. गाणाऱ्या नटनट्यांचे युग मावळत होते. संगीतकार गुलाम हैदर यांनी ‘मजबूर’ (१९४८) मध्ये लताला गायला दिले. आता फक्त गळा पुरेसा होता.

१०/ पण या सुटकेची किंमत होती. ‘महल’ (१९४९) मधील तिच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर सुरुवातीला गायिकेचे नाव छापले गेले ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाने साकारलेल्या पात्राचे! चेहरा मिरवत होता आणि गळा निनावी होता.

११/ म्हणून पुढे लताबाईंनी पार्श्वगायकांच्या श्रेयासाठी धरलेला आग्रह हा केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हता. फिल्मफेअरने पार्श्वगायनाचा स्वतंत्र पुरस्कार १९५९ मध्ये सुरू केला, आणि पहिला मान त्यांनाच मिळाला.

१२/ आता पुन्हा वाशीला येऊ. भाव्यांचा सूत्रधार दुसऱ्यांसाठी गात असे, पण रंगमंचावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत. पार्श्वगायक मात्र पडद्यामागे गेला. लताबाईंची ही पाच वर्षे ‘फसलेला अभिनय’ म्हणून दोन ओळींत उरकली जातात. मला वाटते, एका परंपरेचा शेवट आणि दुसरीचा आरंभ एकाच मुलीच्या पगारपत्रकावर वाचायचा असेल, तर ती पाहायलाच हवीत.

(समाप्त)