गाठ दिसेनाशी झाली, मग उपचार का चालू? स्मॉल सेल फुप्फुस कर्करोगाच्या उपचारांचा इतिहास

प्रस्तावना

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, डॉक्टर नाही. तरीही हा पाठ लिहावासा वाटला, त्याला कारण एका विद्यार्थ्याचा प्रश्न. तास संपल्यावर तो म्हणाला, "सर, काकांना फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर आहे. दोन केमो झाल्या आणि एक्स-रेमधली गाठ जवळजवळ गेली. घरचे म्हणतात, बरे झाले, आता पुढचे उपचार नकोत. मग डॉक्टर का ऐकत नाहीत?"

या प्रश्नाचे उत्तर शोधायला वैद्यकशास्त्राला सुमारे शंभर वर्षे लागली. ते उत्तर म्हणजेच या आजाराच्या उपचारांचा इतिहास.

१. आजाराची ओळख

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांपैकी साधारण १३ ते १५ जणांना स्मॉल सेल हा प्रकार असतो. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी लहान, जवळजवळ दाटलेल्या आणि ओटच्या दाण्यासारख्या दिसतात. म्हणून पूर्वी याला 'ओट सेल' म्हणत. छातीच्या मध्यभागी आढळणाऱ्या या गाठी सुरुवातीला वेगळ्याच ऊतीच्या मानल्या जात. १९२६ मध्ये ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ डब्ल्यू. जी. बर्नार्ड यांनी दाखवून दिले की हा फुप्फुसातूनच निघणारा कर्करोग आहे.

याचे बहुसंख्य रुग्ण धूम्रपान करणारे असतात. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० मध्ये अमेरिकेत विंडर व ग्रॅहम यांनी आणि ब्रिटनमध्ये डॉल व हिल यांनी आकडेवारीने मांडला. आपल्याकडे सिगारेटबरोबर विडीचाही विचार करावा लागतो. विडी 'साधी' असते हा समज चुकीचा आहे.

या पेशींमध्ये टीपी५३ आणि आरबी१ ही दोन जनुके जवळजवळ नेहमीच निकामी झालेली आढळतात. पेशींच्या वाढीचे हे दोन ब्रेक आहेत असे समजा. दोन्ही निकामी झाल्यावर गाठ वेगाने वाढते आणि लवकर पसरते. निदान होते तेव्हाच सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत आजार दूरवर पोहोचलेला असतो.

२. शस्त्रक्रियेची परीक्षा

गाठ आहे तर कापून काढा, हा विचार कोणालाही पटेल असाच होता. पण पटणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने शस्त्रक्रिया शक्य वाटणाऱ्या १४४ रुग्णांना यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागले. ७१ जणांसाठी शस्त्रक्रिया ठरली, तर ७३ जणांसाठी किरणोपचार म्हणजे रेडिएशन.

निकाल १९६६ पासून टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया गटातले रुग्ण सरासरी १९९ दिवस जगले, किरणोपचार गटातले ३०० दिवस. पाच वर्षांनी पहिल्या गटातला एक आणि दुसऱ्या गटातले तीन रुग्ण हयात होते. विशेष म्हणजे पहिल्या गटातल्या त्या एकाची शस्त्रक्रिया झालीच नव्हती. त्यालाही किरणोपचारच मिळाले होते.

सर्जनच्या हातात दोष नव्हता. चाकू पोहोचण्याआधीच पेशी रक्तातून पुढे गेलेल्या होत्या. डोळ्यांना दिसणारी गाठ म्हणजे संपूर्ण आजार नव्हे, हा या चाचणीचा धडा. मात्र किरणोपचारही एकाच जागी काम करतात. सर्व शरीरात पोहोचणारे काहीतरी हवे होते.

३. औषधांचा मार्ग

ते एका युद्धातल्या विषातून मिळाले. पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड वायूने सैनिकांच्या पांढऱ्या रक्तपेशी कमी होत. त्याच्याशी रासायनिक नाते असलेले नायट्रोजन मस्टर्ड १९४२ मध्ये अमेरिकेच्या येल विद्यापीठात कर्करोगाच्या रुग्णावर वापरले गेले. त्याच कुळातल्या सायक्लोफॉस्फमाइडची अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये चाचणी झाली. स्मॉल सेलचा पसरलेला आजार असलेल्यांचे मध्यक आयुर्मान औषधाने दुपटीहून अधिक झाले, असे १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ कालावधी फारच तोकडा असल्याने दुप्पट होऊनही तो काही महिनेच होता. पण दिशा सापडली.

पुढची दोन औषधे आजही पायाभूत आहेत. सिस्प्लॅटिनची कथा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आवडेल. मिशिगन स्टेट विद्यापीठातले बार्नेट रोझेनबर्ग विद्युतक्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो हे पाहत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले आणि ते लांबच लांब धाग्यांसारखे वाढले. शोध घेतल्यावर कळले की परिणाम विद्युतक्षेत्राचा नव्हताच. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून द्रावणात उतरलेल्या संयुगांचा तो होता. हे निरीक्षण १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७८ मध्ये सिस्प्लॅटिनला अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली.

दुसरे औषध इटोपोसाइड. ते पोडोफायलोटॉक्सिन या वनस्पतिजन्य द्रव्यापासून तयार होते. हे द्रव्य देणारी एक वनस्पती आपल्या हिमालयात उगवते. तिला वनककडी म्हणतात. या दोन औषधांची जोडी १९८० च्या दशकात स्थिरावली.

४. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे गणित

पसरलेल्या आजारात या जोडीने दहापैकी साधारण सहा-सात जणांची गाठ लक्षणीय आकसते. तरी बहुतेकांत ती काही महिन्यांत परत येते. का?

एक घन सेंटीमीटर गाठीत ढोबळमानाने १०० कोटी पेशी धरतात. समजा, उपचाराने ९९.९ टक्के पेशी मेल्या. उरल्या १० लाख. एवढ्या पेशी एक्स-रेत काय, सीटी स्कॅनमध्येही दिसणार नाहीत. १९६० च्या दशकात अमेरिकेत हॉवर्ड स्किपर यांनी उंदरांमधल्या रक्ताच्या कर्करोगावर प्रयोग करून दाखवले की औषधाचा प्रत्येक डोस ठरावीक संख्या नव्हे, ठरावीक प्रमाण मारतो. म्हणून गाठ दिसेनाशी झाल्यावरही ठरलेली आवर्तने पूर्ण करावी लागतात. उरलेल्यांत औषधाला दाद न देणाऱ्या पेशी असल्या तर त्याच पुढे वाढतात, ही खरी अडचण.

५. किरणोपचाराचे वेळापत्रक

आजार छातीच्या एका बाजूपुरता, म्हणजे किरणांच्या एका क्षेत्रात मावणारा असेल तर त्याला मर्यादित अवस्था म्हणतात. त्यापुढची ती विस्तृत अवस्था. मर्यादित अवस्थेत केमोबरोबर छातीला किरणोपचार दिल्यास अधिक रुग्ण जगतात, हे १९९२ मध्ये १३ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून स्पष्ट झाले.

१९९९ मध्ये टुरिसी आणि सहकाऱ्यांनी ४१७ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. दोन्ही गटांना एकूण मात्रा सारखीच, ४५ ग्रे. एका गटाला ती रोज एकदा, पाच आठवड्यांत दिली. दुसऱ्याला रोज दोनदा, तीन आठवड्यांत. पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण पहिल्यात १६ टक्के, तर दुसऱ्यात २६ टक्के निघाले. भराभर वाढणाऱ्या पेशींना पुन्हा वाढायला उसंत मिळाली नाही. मात्र दुसऱ्या गटात अन्ननलिकेचा दाह जास्त झाला. मात्रा तीच, फरक फक्त वेळापत्रकाचा.

त्याच वर्षी ९८७ रुग्णांच्या विश्लेषणातून दिसले की गाठ नाहीशी झालेल्यांच्या मेंदूला प्रतिबंधक किरणोपचार दिल्यास तीन वर्षे जगण्याचे प्रमाण १५.३ वरून २०.७ टक्के होते. मेंदूत अनेक औषधे नीट पोहोचत नाहीत, म्हणून ही तजवीज. याने स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे आता अनेक ठिकाणी नियमित एमआरआय करून लक्ष ठेवण्याचा पर्यायही विचारात घेतात.

६. अलीकडची वर्षे

यानंतर विस्तृत अवस्थेच्या पहिल्या उपचारात बराच काळ मोठा बदल झाला नाही. २०१८ मध्ये केमोला अटेझोलिझुमॅब या इम्युनोथेरपी औषधाची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान १०.३ वरून १२.३ महिने झाले. वाढ दोनच महिन्यांची, पण काही थोडे रुग्ण बराच काळ टिकले. २०२४ मध्ये मर्यादित अवस्थेत केमो व किरणोपचारांनंतर डुर्व्हालुमॅब दिल्याने ते ३३.४ वरून ५५.९ महिन्यांवर गेले. त्याच वर्षी आजार परत आलेल्यांसाठी टार्लाटामॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ही औषधे महाग आहेत आणि आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहेत, हेही इतिहासात नोंदले पाहिजे.

शस्त्रक्रियाही पूर्ण बाद झालेली नाही. गाठ अगदी लहान असेल आणि लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचलेली नसेल तर ती काढतात व नंतर केमो देतात. असे रुग्ण थोडेच.

समारोप

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले, "घरच्यांना म्हणावे, न दिसणे आणि नसणे यांत फरक आहे. पुढे काय करायचे ते डॉक्टरांशी बसून ठरवा, पण एक्स-रे पाहून थांबू नका. आणि बरे होण्याची शक्यता किती, हेही त्यांना स्पष्ट विचारा." रुग्णाला उपचार थांबवायचे असतील तर तो त्याचा हक्क आहे. तो निर्णय खऱ्या माहितीवर व्हावा, गैरसमजावर नव्हे.

स्वाध्याय

१. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांच्या चाचणीत रुग्णांचे गट यादृच्छिक पद्धतीने का केले असावेत?
२. १०० कोटी पेशींवर प्रत्येक आवर्तनात ९९ टक्के पेशी मरत असतील आणि मध्ये वाढ होत नसेल, तर एकापेक्षा कमी पेशी उरण्यासाठी किती आवर्तने लागतील? प्रत्यक्षात हे गणित का चुकते?
३. 'गाठ आकसणे' आणि 'आजार बरा होणे' यांतील फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.