कच्ची माती, भाजलेली माती



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मोतीबिंदू काढल्यापासून स्क्रीनवरची अक्षरं पुन्हा काळीकुळकुळीत दिसायला लागली आहेत, त्यामुळे आता तुमची सुटका नाही!

निमित्त असं झालं, की भाचीने फोटो पाठवला. तिच्या बाळाच्या पावलाचा मातीत ठसा घेतलाय, कडेने बोटांनी नक्षी केली आहे आणि अशा चार थाळ्या करून आजी-आजोबांना, आत्याला, काकाला भेट म्हणून दिल्या आहेत. खाली प्रश्न, "मावशी, आपल्याकडे असं काही होतं का गं? की हे सगळं तिकडचंच?" फोनवर "होतं की" एवढंच म्हणाले, कारण कुकरची शिट्टी झाली होती. सविस्तर उत्तर इथे देते, म्हणजे बाकीच्या भाचरांनाही उपयोग होईल.

मुळात घरात मातीची वस्तू करणं आणि ती जपून ठेवणं, या आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करणं भरपूर. ठेवणं जवळजवळ नाहीच. बेंदराला किंवा पोळ्याला ज्यांच्या दारात बैल नाही त्यांनी मातीचे बैल पुजायचे. हरतालिकेला सखी-पार्वती. भाद्रपदात पार्थिव गणपती. पार्थिव म्हणजेच पृथ्वीचा, मातीचा. शब्दातच सगळं आलं. खानदेश-विदर्भात भुलाबाई आणि भुलोजी. दिवाळीत पोरांचा किल्ला, त्यावर पेरलेले अळीव आणि कुंभाराकडून आणलेले मावळे. यातलं बहुतेक सगळं काम झालं की पाण्यात जातं नाहीतर अंगणात विरघळतं. भेट म्हणाल तर संक्रांतीचं सुगड आहेच. हळदीकुंकू लावून, आत हरभरा, बोरं, उसाचे करवे, गाजर, तिळगूळ घालून एकीने दुसरीला दिलेलं मातीचं वाण. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घट देतात, तेही मातीचं दानच. पण ही सुगडं आणि घट घरी केलेले नसत, ते कुंभाराचे. बारा बलुत्यांत कुंभार होता आणि वर्षभराच्या मडक्यांबद्दल, बेंदराच्या बैलांबद्दल त्याला खळ्यावर धान्य मिळे. ते धान्य पुरेसं असे का, हा वेगळा लेख होईल. असो.

घरच्या बाईच्या हातची माती म्हणजे चूल, सारवण, भिंतीतला कोनाडा, लेकीच्या भातुकलीची जातं-चूल. चाक पुरुषाने फिरवायचं आणि हाताने थापायचं ते बायकांनी, अशी वाटणी आपल्या देशात फार ठिकाणी आहे. चाकाला हात लावायची बंदी होती म्हणून बाईची माती नेहमी हाताने घडलेली, थोडी वाकडी, बोटांचे ठसे असलेली. आणि बहुधा कच्ची. भट्टी तिची नव्हती ना!

आता मी तुम्हाला इनामगावला नेते.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं तिथे उत्खनन केलं. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर, डॉ. झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभराहून अधिक घरांचे अवशेष निघाले. आम्ही शाळेत इतिहास शिकवताना ताम्रपाषाण युग दोन तासिकांत आटपायचो, पण इनामगाव आलं की माझी गाडी तिथेच अडायची. मुलं म्हणायची, "बाई, पुढे चला, शिवाजी महाराज कधी येणार?"

अडायची त्याला दोन कारणं.

पहिलं म्हणजे एका घराच्या जमिनीखाली निघालेली मातीची पेटी. लंबगोल, झाकणाची. तिच्यासोबत दोन स्त्रीमूर्ती आणि एक बैल. एका मूर्तीला डोकंच नाही. ते तुटलेलं नाही, केलेलंच नाही. तिच्या पोटाला भोक आहे आणि बैलाच्या पाठीलाही भोक आहे. दोन्हींत काडी घातली की ती बाई बैलावर नीट बसते. म्हणजे करणाऱ्याने आधी विचार करून, माती ओली असतानाच भोकं पाडली होती. (मी 'करणारीने' म्हणणार होते. पुरावा नाही, पण माझा कौल तिकडेच.) आणि हे सगळं कच्च्या मातीचं. भाजलेलं नाही! पाण्यात टाकलं असतं तर तासाभरात चिखल झाला असता. जमिनीखाली कुणी न हलवता, वाहतं पाणी न लागता राहिलं म्हणून तीन हजार वर्षं टिकलं.

कुणीतरी ते मुद्दाम पुरलं होतं. ज्या लोकांना उत्तम भाजलेली, रंगवलेली मडकी करता येत होती (जोर्वे पद्धतीची लाल भांडी, काळ्या रंगाची नक्षी, टिचकी मारली तर खणखण वाजणारी), त्यांनी देवी मात्र कच्ची ठेवली. आपण गणपती भाजत नाही, तसंच असेल का? तिलाही परत मातीत जायचं होतं का? हा माझा तर्क. विद्वानांनी तिच्याविषयी पुष्कळ लिहिलं आहे, आवड असेल त्यांनी जरूर वाचावं.

दुसरं कारण सांगताना वर्गात माझा आवाज जरा खाली यायचा. इनामगावच्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं सापडली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि त्यांच्या आत मूल. गावाबाहेर नाही, नदीवर नाही. ज्या जमिनीवर आई स्वयंपाक करत होती, त्याच जमिनीखाली. आणि असं एखाददुसरं नव्हे, पुष्कळ. तेव्हा मुलं फार जायची. माझ्या आजीचीसुद्धा चार गेली होती आणि ती विसाव्या शतकातली बाई. भाचीच्या थाळीतलं ते पाऊल पाहिलं तेव्हा मला आधी हीच मडकी आठवली, हे मी तिला फोनवर सांगितलं नाही. इथे वाचेल. वाचू दे, मोठी झाली आहे आता.

तेरला गेला आहात का कुणी? धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीकाठी. संत गोरोबाकाकांचं गाव, म्हणजे पुन्हा कुंभारच! त्याचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' म्हणून समुद्रव्यापाराची माहिती लिहिली, त्यात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून तगर येतं. तिथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. सातवाहन काळातल्या बोटभर-वीतभर मूर्ती, पांढऱ्या बारीक मातीच्या (केओलिनच्या), दोन साच्यांत दाबून, मधे पोकळ ठेवून जोडलेल्या. बायकांच्या केसांची रचना, कानातली कर्णफुलं, गळ्यातले सर इतके बारीक, की भिंग हवं. हे मात्र घरचं काम नाही. साचा आला की बाजार आला. एकसारख्या वस्तू, ऐपतीप्रमाणे विकत घ्यायच्या. तरीही घरात ठेवायच्या, भाजलेल्या, टिकाऊ. 'ठेवणं' इथे पहिल्यांदा ठसठशीत दिसतं.

त्याच काळातली आणखी एक गंमत. दख्खनमध्ये तेलंगणातल्या कोंडापूरसारख्या ठिकाणी मातीची पदकं सापडली आहेत, अडकवायला भोक असलेली. त्यांवर रोमन बादशहा टायबेरियसच्या नाण्याचा छाप! खरं नाणं चांदीचं नाहीतर सोन्याचं. ते ज्याला परवडत नव्हतं त्याने मातीत उठवून गळ्यात घातलं. परदेशी वस्तूचं वेड नवीन नाही, एवढंच म्हणते.

यावरून 'मृच्छकटिक' आठवणारच. नावच मातीच्या गाडीचं. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळला, ती गाडी परत गेली, मग त्याने हट्ट धरला. दासी रदनिकेने त्याला मातीची गाडी करून दिली, घरीच. पोर रडतंय, मला सोन्याचीच पाहिजे. तेव्हा वसंतसेना आपले दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते, "जा, याची सोन्याची करून घे" म्हणते आणि पुढचं सगळं रामायण तिथून होतं. देवलांच्या नाटकामुळे आपल्याकडे वसंतसेना घराघरात पोचली. टाळ्या तिलाच. पण मला नेहमी रदनिकेचं वाटतं. तिच्याकडे दागिने नव्हते, माती होती. तिने ती गाडी केली तेव्हा चाकं फिरत होती की नाही, हे कुणी विचारत नाही.

आता जरा घरचं.

माझ्या आईचं माहेर साताऱ्याकडचं. ती दर बेंदराला बैलजोडी करायची, पुण्यात नारायण पेठेत राहूनसुद्धा. चिकणमाती आदल्या दिवशी भिजत घालायची, खडे वेचायचे, थोडी राख आणि बारीक भुसा घालून कणकेसारखी तिंबायची. पाय आधी, मग धड, वशिंड शेवटी. सावलीत वाळवायचं, उन्हात ठेवलं की तडे. पूजा झाली की बैल नदीत. एका वर्षी धाकट्या भावाने भोकाड पसरलं, बैल सोडायचा नाही म्हणजे नाही. आईने वैतागून एक बैल चुलीच्या निखाऱ्यात ढकलला आणि वर गोवऱ्या रचल्या. "घे, भाजून देते, मग बस कवटाळून." सकाळी राखेतून निघाला तो काळपट तांबडा झालेला, एका कुशीला चीर गेलेली. भाग्य त्याचं, की आईने पोट आतून कोरून पोकळ केलं होतं. भरीव माती आत ओल धरते आणि आगीत फुटते.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. मी अकरा वर्षांची. आम्ही हाताला लागलं ते घेऊन पर्वतीकडे पळालो. परत आलो तेव्हा खालच्या खोल्यांत गुडघाभर गाळ. आजीने स्वतः केलेले गौरीचे मुखवटे कोठीच्या फळीवर असत, कच्च्या शाडूचे, दरवर्षी पुन्हा रंगवायचे, फक्त खडे विसर्जन करायचे आणि मुखवटे ठेवायचे अशी आमच्याकडची रीत. फळी सापडली. मुखवट्यांच्या जागी पांढरट डाग. आजी डागाला हात लावून बसली होती, बोलली काहीच नाही. चार मुलं गेलेली बाई, भांडीकुंडी गेली तेव्हाही ती रडली नव्हती.

बैल गाळात सापडला. रंग गेला, एक शिंग गेलं, बाकी शाबूत.

यामागचं शास्त्र सोपं आहे आणि मी ते वर्गात या बैलावरूनच सांगायचे. वाळलेली माती म्हणजे फक्त मोकळं पाणी उडालेली माती. पुन्हा भिजली की पुन्हा चिखल. पण साधारण पाचशे-सहाशे अंशांच्या पुढे मातीच्या कणांच्या रचनेतलंच पाणी निघून जातं आणि मग ती परत माती होत नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात एवढी धग सहज होते. भाचीने वापरली तसली दुकानातली, हवेत वाळणारी 'क्ले' भाजलेली नसते, तेव्हा तिला ओल लागू देऊ नये. आणि घरच्या ओव्हनमध्ये कडक होणारी पॉलिमर क्ले मिळते ती तर मातीच नव्हे, ते प्लॅस्टिक. नावात काय आहे म्हणतात, पण इथे आहे.

त्या वर्षी दोन महिन्यांनी गणपती आले. पेठेत बऱ्याच घरांत मूर्ती आणायला पैसे नव्हते. आईने अंगणातल्या पुराच्या गाळातून बारीक पोयटा चाळून काढला आणि त्याचाच वीतभर गणपती केला. आजीला म्हणाली, "सासूबाई, मुखवटे तुम्ही करा, माझ्या हाताला ते नाक जमत नाही." आजीने केले. आई म्हणाली, "हे भाजून घेऊ या का कुंभाराकडे?" आजी नको म्हणाली. पुढे ते मुखवटे आजीच्या मागे चौदा वर्षं पुरले, मग वाळवी लागलेल्या फळीबरोबर पडून फुटले. तुकडे आईने नदीत सोडले.

बैल भावाकडे होता. भाऊ २०१९ मध्ये गेला. आता तो त्याच्या मुलाकडे न्यू जर्सीला आहे, टीव्हीशेजारी. गेल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर त्याच्या मुलीने मला तो दाखवला आणि विचारलं, याचं दुसरं शिंग कुठे आहे? मी म्हटलं, मुळा-मुठेच्या संगमापलीकडे कुठेतरी. तिने मराठीत सांगितलं, की ती नवीन शिंग करून चिकटवणार आहे. मी म्हटलं कर, पण वेगळ्या रंगाचं कर, म्हणजे कुठलं पणजीचं आणि कुठलं तुझं ते कळेल. निळं केलंय तिने.