शाळेची फी आणि बुडालेला रोज

गरीब शेतकऱ्याच्या हातात दरमहा रोख पैसे दिले तर ते त्याच्या मुलांच्या शिक्षणाच्या कामी येतील का? आपल्यापैकी बहुतेकांचे या प्रश्नावरचे उत्तर तयार असते. "शाळेला खोली बांधून द्या, पुस्तके द्या, संगणक द्या, पण रोख देऊ नका, रोख दिलेले गुत्त्यावर जाते." ही शंका वाईट हेतूने घेतलेली नसते. आपण कष्टाने मिळवलेला पैसा सत्कारणी लागावा, एवढीच त्यामागची इच्छा असते. पण अशा शंकेचे उत्तर वाद घालून मिळत नाही, ते मोजून पाहावे लागते. आणि एका देशाने ते खरोखरच मोजून पाहिले आहे. तो देश म्हणजे आपला अमेरिकेतला शेजारी, मेक्सिको.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला आणि शिक्षणाने इंजिनियर. अर्थशास्त्राशी माझा संबंध वाचकाचा. मेक्सिकोच्या या योजनेकडे मी प्रथम वळलो तो तिच्या मोजमापाच्या पद्धतीमुळे. पुढे लक्षात आले की यात आपल्या गावाकडच्या शेतकरी कुटुंबाचीच गोष्ट आहे.

पावतीवर न येणारा खर्च

आधी शेतकऱ्याच्या घरातला शाळेचा हिशेब पाहू. सरकारी शाळेत फी नसते किंवा नाममात्र असते. वह्या, गणवेश, एसटीचा पास एवढा खर्च दिसतो. पण मूल अकरा-बारा वर्षांचे झाले की आणखी एक खर्च सुरू होतो आणि तो कुठल्याच पावतीवर येत नाही. त्या वयाचा मुलगा गुरे राखू शकतो, कापूस वेचू शकतो, दुसऱ्याच्या रानात रोजाने जाऊ शकतो. मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते, म्हणून आईला खुरपणीला जाता येते. ही मुले शाळेत बसली की घरातला तेवढा रोज बुडतो. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत होती आणि हायस्कूल तालुक्याला. माझ्याबरोबर सातवी पास झालेली बरीच मुले आठवीच्या वर्गात आलीच नाहीत. ती नापास झाली नव्हती, की त्यांचे आईवडील शिक्षणाच्या विरुद्ध नव्हते. घराचा हिशेब जुळत नव्हता, एवढेच.

मेक्सिकोतही नेमके हेच होत होते. तिथे प्राथमिक शाळा सहा वर्षांची आणि त्यापुढे माध्यमिक शाळा तीन वर्षांची. गरीब खेड्यांतही प्राथमिक शाळेत दहातली नऊ मुले जात. पण सहावी पूर्ण केलेल्यांपैकी पुढे शिकायला जाणारी शेकडा ५८ च होती. गळती सर्व वर्गांत सारखी नव्हती. ती एका ठरावीक वयाला, एका ठरावीक पायरीवर होत होती.

संकटातून निघालेली योजना

डिसेंबर १९९४ मध्ये एर्नेस्तो सेदिय्यो मेक्सिकोचे अध्यक्ष झाले आणि त्याच महिन्यात पेसो कोसळला. १९९५ साली देशाचे उत्पन्न सुमारे सहा टक्क्यांनी घटले. अशा वेळी सरकारने गरिबांसाठी काय करावे, हा प्रश्न अर्थखात्यातले उपमंत्री सांतियागो लेव्ही यांच्यासमोर आला. लेव्ही अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी जुन्या सवलतींचा हिशेब मांडला. तोर्तिया म्हणजे मक्याची भाकरी. ती स्वस्त मिळावी म्हणून सरकार भरपूर पैसा खर्च करी. पण दुकानातून तोर्तिया विकत घेणार कोण? शहरातला माणूस, आणि त्यात सुखवस्तूही आले. डोंगरातल्या वस्तीवर स्वतःच्या शेतातला मका दळून घरीच भाकरी भाजणाऱ्या शेतकऱ्याला त्या सवलतीतले काहीच मिळत नव्हते. म्हणजे सर्वांत गरीब माणूस सवलतीच्या बाहेरच राहत होता.

लेव्ही आणि लोकसंख्याशास्त्रज्ञ होसे गोमेस दे लेओन यांनी आखलेली नवी योजना ऑगस्ट १९९७ मध्ये खेड्यांत सुरू झाली. शिक्षण, आरोग्य आणि आहार या तीन शब्दांवरून बेतलेले तिचे नाव 'प्रोग्रेसा'. ही कल्पना त्या काळी ब्राझीलमध्येही आकार घेत होती. १९९५ साली ब्रासिलिया आणि कॅम्पिनास या दोन ठिकाणी मुलांना शाळेत पाठवणाऱ्या गरीब कुटुंबांना मासिक रक्कम द्यायला सुरुवात झाली होती. पण सबंध देशाच्या खेड्यांसाठी असा प्रयोग प्रथम मेक्सिकोने केला.

योजना सांगायला सोपी आहे. गरीब कुटुंबाला दर दोन महिन्यांनी रोख रक्कम मिळे. ती वडिलांच्या नव्हे, आईच्या हातात दिली जाई. मुलाची शाळेतली हजेरी ८५ टक्के भरली पाहिजे, आणि घरातल्या सर्वांनी ठरल्या वेळी दवाखान्यात तपासणीला गेले पाहिजे, या तिच्या अटी. शिष्यवृत्ती प्राथमिकच्या तिसरीपासून सुरू होई आणि इयत्तेबरोबर वाढत जाई. १९९८ च्या उत्तरार्धात तिसरीच्या मुलामागे महिन्याला ७० पेसो होते, तर माध्यमिकच्या शेवटच्या वर्षाला मुलाला २२० आणि मुलीला २५५. शिवाय कुटुंबाच्या आहारासाठी महिन्याला १०० पेसो वेगळे.

या आकड्यांत योजनेचे मर्म आहे. मूल मोठे होते तसा त्याचा बुडणारा रोज वाढतो, म्हणून रक्कमही वाढवली. माध्यमिक शाळेतून मुली अधिक गळत, म्हणून त्यांना थोडे जास्त दिले. नववीच्या मुलीचे २५५ पेसो म्हणजे त्या वयाच्या मुलाने पूर्ण वेळ काम करून जे मिळवले असते, त्याच्या सुमारे दोन तृतीयांश. घराचा सगळा तोटा भरून निघत नव्हता. पण आईबापांच्या मनाचा काटा शाळेच्या बाजूला झुकेल, एवढा तो भरत होता.

कुटुंबांची निवड पाहणी करून, ठरलेल्या सूत्राने होई; गावच्या पुढाऱ्याच्या शिफारशीने नव्हे. त्याआधीच्या गरिबी हटावच्या कार्यक्रमावर सत्ताधारी पक्षासाठी मते गोळा करण्याचा आरोप झाला होता, त्यामुळे ही काळजी जरूर होती.

पाचशे सहा गावे

आता मला भुरळ घालणारा भाग. सगळ्या गावांत योजना एकदम नेण्याइतका पैसा सरकारकडे नव्हताच. मग सात राज्यांतली ५०६ गावे निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी केली. ३२० गावांत योजना १९९८ मध्ये सुरू झाली आणि १८६ गावांत ती १९९९ च्या अखेरीपर्यंत थांबवली. दोन्हीकडच्या मिळून सुमारे २४,००० कुटुंबांची वारंवार पाहणी केली गेली. ही तपासणी वॉशिंग्टनमधल्या आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेवर सोपवली. पाऊस बरा झाला, मक्याला भाव आला किंवा नवा मास्तर चांगला निघाला, तर त्याचा फायदा दोन्ही गटांना सारखाच होणार. मग जो फरक उरेल तो योजनेचा. मागे राहिलेल्या गावांवर हा अन्याय झाला, असे कोणी म्हणेल आणि ते अगदीच चूक नाही. पण कोणाला आधी द्यायचे हे वशिल्यावर ठरण्यापेक्षा चिठ्ठीने ठरलेले बरे.

निष्कर्ष काय निघाला? येल विद्यापीठाचे पॉल शुल्ट्झ यांनी शिक्षणाचे आकडे तपासले. प्राथमिकमध्ये फरक थोडाच पडला, कारण तिथे मुले जातच होती. पण सहावी ओलांडण्याच्या पायरीवर पुढे जाणाऱ्यांचे प्रमाण ११ टक्क्यांच्या वर वाढले. मुलींमध्ये जवळजवळ १५ टक्क्यांनी आणि मुलांमध्ये साडेसहा टक्क्यांनी. या हिशेबाने गरीब घरातल्या मुलाचे सरासरी शालेय शिक्षण ६.८ वर्षांवरून सुमारे साडेसात वर्षांवर जाणार होते.

आणि गुत्त्याचे काय? जादा पैशातून फळे, भाज्या, मांस यांवरचा खर्च वाढला. पुढे अनेक देशांतल्या अशा योजनांचे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हाही दारू-तंबाखूवरचा खर्च सरासरीने वाढल्याचे दिसले नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, मिळालेल्या प्रत्येक पेसोतले सुमारे तीन चतुर्थांश घरखर्चात गेले आणि उरलेले कोंबड्या, गुरे, जमीन किंवा लहानशा धंद्यात गुंतले. दीड वर्षात शेतीचे उत्पन्न जवळपास दहा टक्क्यांनी वाढले. पैसा पुढच्या खेपेलाही येणार, याची खात्री असलेला माणूसच असे धाडस करतो. दुसरी गोष्ट दुष्काळाची. घरचा कर्ता आजारी पडला, काम गेले किंवा पीक बुडाले की पहिली कुऱ्हाड मुलाच्या शाळेवर पडते, आणि एकदा शाळा सुटलेले मूल सहसा परत येत नाही. या योजनेतल्या घरांत वाईट वर्षी मुले कामाला लागली, पण त्यांची शाळा सुटली नाही.

उणी बाजू

सगळेच गोड होते असे नाही. मुले वर्गात अधिक वर्षे बसली, पण सुरुवातीच्या चाचण्यांत त्यांच्या गुणांत वाढ दिसली नाही. पैशाने मूल शाळेच्या दारापर्यंत येते. आत काय शिकवले जाते, हा प्रश्न वेगळा. आडगावातली माध्यमिक शाळा म्हणजे बहुधा १९६८ पासून चालत आलेली दूरचित्रवाणीवरची शाळा: वर्गात टीव्ही, आणि सर्व विषयांना मिळून एकच शिक्षक. तपासण्या, सभा, गावची सफाई यांचा भार बायकांवर पडला, अशी टीका अभ्यासक स्त्रियांनी केली आणि ती रास्त होती. एकाच गावात काही घरांना मदत आणि शेजारच्या, जवळपास तितक्याच गरीब घराला नाही, यातून कटुताही आली.

तरीही १९९९ च्या अखेरीस योजना सुमारे २६ लाख कुटुंबांपर्यंत, म्हणजे ग्रामीण मेक्सिकोतल्या दर दहांतल्या चार घरांपर्यंत पोचली होती. खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.२ टक्के. २००० साली सत्ता दुसऱ्या पक्षाकडे गेली, पण योजना टिकली, कारण तिच्यामागे मोजलेले पुरावे होते. २००२ मध्ये ती 'ओपोर्तुनिदादेस' या नावाने शहरांतही विस्तारली आणि २०१४ मध्ये 'प्रोस्पेरा' झाली. २०१९ मध्ये आंद्रेस मानुएल लोपेस ओब्रादोर यांच्या सरकारने ती बंद करून बेनितो हुआरेस यांच्या नावाची शिष्यवृत्ती आणली. लहानपणी हा आधार मिळालेल्या मुली मोठ्या झाल्यावर अधिक शिकलेल्या आणि अधिक प्रमाणात कमावत्या निघाल्या, असे नंतरच्या अभ्यासांत दिसते.

आपल्याकडचा हिशेब

हे सगळे वाचताना मला वारंवार कोकणातली मनिऑर्डर आठवे. मुंबईच्या गिरणीतल्या चाकरमान्याने दरमहा पाठवलेल्या रकमेवर कोकणातल्या कितीतरी घरांतली मुले शिकली. ती रक्कम मोठी नसे. पण ती येणार, हे ठरलेले असे आणि पोस्टमन ती बहुधा घरातल्या बाईच्याच हातात देई. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे 'कमवा आणि शिका'चा मार्ग धरला, तेव्हा त्यांनी याच बुडणाऱ्या रोजाचे कोडे दुसऱ्या बाजूने सोडवले होते. यशवंतराव चव्हाणांच्या काळात आलेल्या ईबीसी सवलतीने फी माफ केली आणि शेतकऱ्यांच्या पिढ्या कॉलेजात गेल्या. पण फी माफ झाली तरी रोज बुडायचा तो बुडतोच.

म्हणून आपल्या मंडळापुढे एक विचार ठेवतो. खोल्या आणि संगणक यांनाही जागा आहे. पण त्यांचा उपयोग वर्गात टिकलेल्या मुलालाच होतो. दहावीत पहिल्या आलेल्या मुलाला आपण बक्षीस देतो, तोवर सातवीनंतर गळलेली मुलगी आपल्या यादीतून केव्हाच गेलेली असते. त्याऐवजी थोड्याच मुली निवडाव्यात, सातवीपासून दहावीपर्यंत चार वर्षे, ठरल्या तारखेला, आईच्या खात्यात ठरलेली रक्कम जावी. आणि चार वर्षांचा पैसा आधी बाजूला काढल्याखेरीज एकाही मुलीला शब्द देऊ नये. एका वर्षी उत्साहाने दिलेले आणि पुढच्या वर्षी वर्गणी कमी पडली म्हणून थांबलेले पैसे, यांवर कुठलेही घर मुलीच्या शिक्षणाचा निर्णय बेतू शकत नाही. सभासदांनी यावर आपली मते, विरोधी असली तरी, जरूर कळवावीत. वार्षिक सभेआधी आकडे मांडून देण्याचे काम मी करीन.