जत्रा दिवाणखान्यांत

शिकागो येथें 1893 सालीं भरलेलें जागतिक प्रदर्शन आपल्याकडे स्मरणांत राहिलें तें विवेकानंदांनीं गाजविलेल्या धर्मपरिषदेमुळें. त्याच प्रदर्शनाला लागून ‘मिडवे प्लेझन्स’ नांवाचा एक लांबट पट्टा होता. फेरिसचा प्रचंड पाळणा तेथेंच फिरत असे. पुढें अमेरिकन लोक कोणत्याहि जत्रेंतील करमणुकीच्या गल्लीस ‘मिडवे’ म्हणूं लागले. 1958 सालीं शिकागोनजीक करमणुकीचीं यंत्रें बनविणारा एक कारखाना निघाला, त्याचेंहि नांव मिडवेच. तें नांव या गल्लीवरून घेतलें, असा माझा दावा नाहीं. पण त्या कारखान्याची अखेर या शब्दाशीं विलक्षण जुळते, एवढें खरें.

मिडवेचें वैभव नाण्यावर उभें होतें. यंत्रांत नाणें टाकावें, खेळावें, हरावें आणि पुन्हा खिशांत हात घालावा! ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (1978) व ‘पॅकमॅन’ (1980) हे जपानी खेळ अमेरिकेंत तिनेंच परवान्यानें आणले. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ (1992) हा तर तिचा स्वतःचा. परंतु खेळयंत्रें घरोघरीं पोंचलीं, तसतशीं नाण्याच्या यंत्रांचीं दालनें ओस पडूं लागलीं. 2001 सालीं मिडवेनें तो धंदा मिटविला. आतां परक्यांच्या यंत्रांवर चालणारे खेळ विकूनच तिला जगावयाचें होतें.

2006 च्या अखेरीस निन्टेंडो या जपानी कंपनीनें ‘वी’ हें यंत्र बाजारांत आणलें. हातांतला रिमोट हवेंत फिरविला कीं पडद्यावर रॅकेट फिरे. जन्मांत व्हिडिओ गेमला शिवली नव्हतीं, अशीं वडीलधारीं माणसेंहि उठून उभीं राहूं लागलीं. वर्षभरानें, नोव्हेंबर 2007 मध्यें, मिडवेनें या यंत्रासाठीं ‘गेम पार्टी’ नांवाचा छोट्या खेळांचा संच काढला. रचना फारसाइट स्टुडिओज यांची. आंत काय होतें? चकतीवर बाण फेकणें, कड्यांत चेंडू टाकणें, चढत्या फळीवरून चेंडू सोडून भोंकांत पाडणें. म्हणजे जत्रेच्या गल्लींतले नि गुत्त्यांतले जुनेच खेळ, आतां दिवाणखान्यांत!

परीक्षकांनीं या संचाची धिंडच काढली. चित्रें ओबडधोबड, हात एकीकडे तर बाण दुसरीकडे, विविधता नांवापुरती. हे आक्षेप रास्तच होते. जत्रेंत नेम चुकला तर ती चूक आपली असते, आणि म्हणूनच आणखी एक डाव खेळावासा वाटतो. येथें चूक खेळणाराची कीं यंत्राची, हेंच उमजत नसे. मग उरलें काय? चाळीसएक वर्षें माणसाच्या हाताची नि यंत्राची गांठ घालून देणें, हाच जिचा व्यवसाय, तिच्या नांवावर असला माल निघावा, हें मला या प्रकरणांतलें खरें दुःख वाटतें.

आणि तरीहि तो लाखोंनीं खपला. किंमत सुमारें 20 डॉलर, म्हणजे इतर नव्या खेळांच्या निम्म्याहूनहि कमी. शिवाय परीक्षक बहुधा एकटाच बसून खेळ तपासतो; हा संच घेणारानें चार पाहुणे जमले असतां तो उघडावयाचा. तेथें बाण भलतीकडे गेला तरी हंशाच पिकतो. असें असलें तरी माझा कौल परीक्षकांच्याच बाजूस आहे. पाहुण्यांचें हसणें पाहुण्यांचें. कारागिरानें तें आपल्या जमेस धरूं नये.

2008 मध्यें दुसरा भाग निघाला. त्याच वर्षाच्या अखेरीस समनर रेडस्टोन या धनिकानें कंपनींतील आपला सुमारें 87 टक्के हिस्सा अवघ्या एक लाख डॉलरांस विकून टाकला. फेब्रुवारी 2009 मध्यें दिवाळखोरीचा अर्ज झाला, आणि बहुतेक मालमत्ता वॉर्नर ब्रदर्सकडे गेली; ‘मॉर्टल कॉम्बॅट’बरोबर ‘गेम पार्टी’हि. निन्टेंडोच्या पुढच्या ‘वी यू’ यंत्रासाठीं 2012 सालीं त्याच नांवाचा आणखी एक संच आला, तेव्हां परीक्षकांनीं पुन्हा तितक्याच कडक शब्दांत समाचार घेतला. मिडवेची पाटी तोंवर उतरली होती. बोलणीं खावयास वॉर्नर होते.