व्याज काढलं, तर बँक चालते कशी?

मित्रहो, आपल्या यवतमाळात कापसाचा हंगाम कर्जावरच उभा राहतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. 2021 पासून तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं, की शेतकऱ्याला ते शून्य टक्क्यानं पडतं. पण व्याज नाहीसं होत नाही. बँक ते लावतेच. शेतकऱ्याऐवजी ते सरकारच्या तिजोरीतून जातं. आजचा विषय इथूनच समजून घेऊ. व्याज मुळातूनच काढायचं ठरवलं, तर चालू बँकेत काय काय बदलावं लागेल?

आपल्याच राज्यातलं उदाहरण बघा. 2016 मध्ये सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेनं बार्शीत बिनव्याजी व्यवहार सुरू केला. सुरुवातीला बारा जणांना मिळून अडीच लाखांचं कर्ज दिलं. बँकेशी निगडित असलेले सुभाष देशमुख तेव्हा राज्याचे सहकारमंत्री होते. प्रयोग छोटा होता, पण प्रश्न मोठा. कर्मचाऱ्यांचा पगार, जागेचं भाडं, बुडालेलं कर्ज, हे सगळं नेहमीची बँक व्याजातल्या फरकातून भागवते. तो फरकच नसेल तर?

इस्लामी बँकिंगचं उत्तर असं, की व्यापार करा. याला ‘मुराबहा’ म्हणतात. शेतकऱ्याला मोटारपंप हवा असेल, तर बँक तो आधी स्वतः विकत घेते आणि नफा सांगून त्याला हप्त्यांवर विकते. म्हणजे थोडा वेळ का होईना, बँक दुकानदार होते. आणि इथंच गाडी अडते. 1949 च्या बँकिंग नियमन कायद्याचं आठवं कलम बँकेला मालाच्या खरेदी-विक्रीचा धंदा करू देत नाही. दुसरी अडचण ठेवीदाराची. ‘मुदारबा’ पद्धतीत तो नफ्यातला भागीदार असतो आणि तोटा झाला तर त्याचं भांडवल घटतं. आपल्या कायद्यात मात्र ठेव म्हणजे परत करायचं देणं.

पाकिस्तानात तर कायदा आड नव्हता. तिथं 1981 मध्ये नफा-तोट्याची खाती उघडली, 1985 मध्ये देशातल्या सगळ्या बँका बिनव्याजी ठरवल्या. पण पुष्कळ व्यवहारांत व्याजाच्या जागी ‘मार्क-अप’ हा शब्द आला, हिशेब जवळपास तोच राहिला. 1991 मध्ये तिथल्या शरियत न्यायालयानंच हे व्याज आहे असं ठरवलं. पाटी बदलली, वही बदलली नाही!

भारतात 2008 मध्ये रघुराम राजन समितीनं बिनव्याजी बँकिंगला वाट करून द्यावी अशी शिफारस केली. 2017 मध्ये मात्र रिझर्व्ह बँकेनं हा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय कळवला.

तर मित्रहो, ‘व्याज किती?’ हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. त्याच्या मागे दुसरा प्रश्न उभा असतो. पाऊस हुकला, दुबार पेरणी करावी लागली, तर तोटा कुणाच्या खात्यावर? बँक खरोखर भागीदार झाली, तर तिलाही त्यात वाटा घ्यावा लागेल. आणि तो वाटा शेवटी जाईल ठेवीदाराकडे, म्हणजे तुमच्या-माझ्याकडे. त्याची तयारी आहे का, याचं उत्तर मिळाल्याशिवाय नुसती पाटी बदलून काही होत नाही.