लिनक्स लॅपटॉप : ग्राफिक्स चिपची निवड

लिनक्स चालवण्यासाठी लॅपटॉप घेताना सर्वांत आधी पाहायचा भाग म्हणजे ग्राफिक्स चिप (जीपीयू). बऱ्याच लॅपटॉपांत रॅम वाढवता येते, एसएसडी बदलता येते, वायफायचे कार्डही पुष्कळदा काढून दुसरे लावता येते. ग्राफिक्स चिप मात्र प्रोसेसरमध्येच असते किंवा मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते. इथे निवड चुकली, तर लॅपटॉप विकेपर्यंत ती चूक सोबत राहते.

कोणती कंपनी चांगली, असे सहसा विचारले जाते. त्याआधी विचारायला हवे ते हे, की चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्येच आहे की बाहेरून आणून बसवावा लागतो. कर्नेलमधल्या ड्रायव्हरला जोड असते ती मेसा या मुक्त ग्राफिक्स सॉफ्टवेअरची. ब्रायन पॉल यांनी त्याचे काम १९९३ मध्ये सुरू केले. ड्रायव्हर कर्नेलच्या मूळ कोडात असला, की कर्नेलमध्ये बदल करणाऱ्यालाच त्या ड्रायव्हरचीही दुरुस्ती करावी लागते. वापरणाऱ्याला त्यातले काही कळतही नाही. बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नेलसाठी पुन्हा बांधावा लागतो. ही बांधणी फसली, तर रात्री अपडेट करून झोपलेल्या माणसाला सकाळी काळा पडदा दिसतो.

इंटेल : प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी आय९१५ हा ड्रायव्हर अनेक वर्षे कर्नेलमध्ये आहे, आणि नव्या चिपांसाठी ‘एक्सई’ हा ड्रायव्हर ६.८ या आवृत्तीपासून (२०२४) आला. लेखन, प्रोग्रामिंग, ब्राउझर, व्हिडिओ एवढेच काम असेल, तर निव्वळ इंटेल ग्राफिक्सचा लॅपटॉप हा सर्वांत निर्धोक पर्याय आहे. एक जुना अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. २००८ नंतरच्या काही अ‍ॅटम नेटबुकांमध्ये जीएमए ५०० ही चिप होती. नाव इंटेलचे होते, पण आतले ग्राफिक्स पॉवरव्हीआर या परक्या घराण्याचे होते. पुढे कर्नेलमध्ये आलेल्या ड्रायव्हरने पडदा नीट दिसू लागला, पण त्रिमितीय वेग कधीच मिळाला नाही. म्हणून डब्यावरच्या कंपनीच्या नावापेक्षा चिपचे नाव वाचावे.

एएमडी : या कंपनीने २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक्स कंपनी विकत घेतली, तेव्हा एटीआयचा लिनक्स ड्रायव्हर बंदिस्त आणि त्रासदायक म्हणून ओळखला जात होता. २००७ पासून कंपनीने चिपांची कागदपत्रे खुली करायला घेतली. त्यातूनच पुढचे मुक्त ड्रायव्हर उभे राहिले. आजचा ‘एएमडीजीपीयू’ कर्नेल ४.२ मध्ये (२०१५) दाखल झाला. व्हॉल्व्हचे स्टीम डेक हे लिनक्सवर चालणारे खेळयंत्र (२०२२) याच ग्राफिक्सवर उभे आहे. खेळ खेळायचे आहेत आणि ड्रायव्हरच्या मागे धावायचे नाही, अशा माणसाने एएमडी घ्यावे.

एनव्हिडिया : खरी गुंतागुंत इथे आहे. कंपनीचा ड्रायव्हर वेगवान, पण दीर्घकाळ पूर्ण बंदिस्त. स्वयंसेवकांनी चिपांचे वर्तन बाहेरून उकलत ‘नूव्हो’ हा मुक्त ड्रायव्हर घडवला आणि तो २०१० मध्ये कर्नेलमध्ये आला. मग २०१४ च्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून कंपनीच्या सहीचे फर्मवेअर सक्तीचे झाले. ते नसल्याने नूव्होला चिपचा वेग वाढवता येईना. महागडी चिप सुरू होतानाच्या संथ गतीवरच अडकून पडे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात या कंपनीवर जाहीर संताप व्यक्त केला होता, त्यामागे अशाच असहकाराचा अनुभव होता. मे २०२२ मध्ये कंपनीने ट्युरिंग (२०१८) आणि त्यापुढच्या चिपांसाठी ड्रायव्हरचा कर्नेलमधला भाग खुला केला. वरचा भाग अजून बंदच आहे. जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी विशेष जपावे. जीटीएक्स १०५० किंवा ९४०एमएक्स असलेले लॅपटॉप स्वस्तात मिळतात, पण त्या पिढ्यांना साथ देणारी शेवटची ड्रायव्हर-मालिका ५८० ही आहे. अर्थात, कुडा ही एनव्हिडियाचीच प्रणाली वापरून मशीन लर्निंग शिकायचे असेल तर आज एनव्हिडियाच घ्यावी लागते. तेव्हा निदान ट्युरिंग किंवा त्यानंतरची चिप पाहावी.

दुहेरी ग्राफिक्स : एनव्हिडियाचे लॅपटॉप बहुधा दोन चिपांचे असतात. ऑप्टिमस (२०१०) या योजनेत रोजचे काम इंटेल किंवा एएमडीची चिप करते आणि जड काम आले की मोठी चिप जागी होते. लिनक्सवर सुरुवातीला हे जमतच नव्हते. बंबलबी नावाच्या स्वयंसेवी प्रकल्पाने वाट काढली, नंतर प्राइम ही लिनक्समधली अंगभूत सोय आली. आजही दोन ठिकाणी अडते. पहिले, मोठी चिप झोपी गेली नाही तर बॅटरी भराभर उतरते, आणि ट्युरिंगच्या आधीच्या चिपा एनव्हिडियाच्या ड्रायव्हरखाली आपोआप पूर्ण झोपी जात नाहीत. दुसरे, पुष्कळ मॉडेलांत एचडीएमआयचे भोक थेट मोठ्या चिपला जोडलेले असते. तिचा ड्रायव्हर बिघडला की प्रोजेक्टरवर काहीच उमटत नाही. शिक्षकाने किंवा वक्त्याने हे आधीच तपासलेले बरे.

चिप अगदी नवी असेल तर कर्नेलचे वय पाहावे. डेबियन १२ (२०२३) सोबत ६.१ कर्नेल येतो. २०२४ मध्ये आलेल्या इंटेलच्या लुनार लेक ग्राफिक्सला तो ओळखत नाही. तिथे नव्या कर्नेलचे वितरण घ्यावे.

आपल्याकडे विंडोजशिवाय मिळणाऱ्या लॅपटॉपला दुकानदार ‘डॉसवाला’ म्हणतात. त्याचा अर्थ विंडोजचा परवाना नाही एवढाच. लिनक्स त्यावर नीट चालेल अशी ती हमी नव्हे. हमी मिळते ती पेनड्राइव्हने. लाइव्ह लिनक्स घातलेला पेनड्राइव्ह सोबत न्यावा आणि दुकानदाराला विनंती करून लॅपटॉप त्यावरून सुरू करावा. झाकण मिटून उघडल्यावर पडदा परत येतो का, उजेड कमी-जास्त होतो का, बाहेरचा मॉनिटर उजळतो का, हे पाहावे. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएनके’ दिल्यावर प्रत्येक चिपसमोर कंपनीचा क्रमांक आणि चालू ड्रायव्हरचे नाव येते : एएमडी १००२, एनव्हिडिया १०डीई, आणि इंटेलचा क्रमांक ८०८६, म्हणजे तिच्या १९७८ च्या प्रसिद्ध प्रोसेसरचेच नाव. शेवटी सेटिंग्जमधल्या माहितीच्या पानावर ‘ग्राफिक्स’समोर काय लिहिले आहे ते वाचावे. तिथे चिपऐवजी ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसले, तर ग्राफिक्स चिप स्वस्थ बसली आहे आणि पडद्यावरचे सगळे चित्र बिचारा प्रोसेसर एकटा रंगवतो आहे.